भिंत वाळेपर्यंत
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास अशा भारदस्त विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. कार्यवाहांनी आम्हांस विचारले तेव्हा आम्ही त्यांना सांगितले की, आमच्यापाशी विद्वत्ता नाही. कोकणात एक जुने घर आहे आणि रेल्वेच्या तिकिटांचा एक गठ्ठा आहे. त्यावर ते म्हणाले, "मग त्यावरच बोला. भोपाळच्या या सभागृहात बसणाऱ्या निम्म्या माणसांची घरे कुठे ना कुठे कुलुपात आहेत." हे त्यांचे म्हणणे खरे असावे, कारण आज नेहमीपेक्षा खुर्च्या अधिक भरलेल्या दिसतात.

प्रारंभीच एक खुलासा. आम्ही 'आम्ही' म्हणतो ते थोरपणाचे बहुवचन नव्हे. आम्ही म्हणजे आम्ही उभयता. ध्वनिक्षेपकापुढे एकच उभा असला तरी बोलणे दोघांचे आहे. सौ. पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि तपशिलात काही इकडचे तिकडे झाले तर तेथूनच दुरुस्ती करतील, याची श्रोत्यांनी खात्री बाळगावी.

घर राजापूर तालुक्यात आहे. समुद्र तेथून दिसत नाही, पण पावसाळ्यात रात्री त्याची गाज ऐकू येते. पणजोबांनी बांधलेले हे घर जांभ्या दगडाचे. भिंती मातीत रचलेल्या आणि वरून चुन्याचा गिलावा दिलेला. पुढे ओटी, आत माजघर, त्याला लागून देवघर आणि काळोखी बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर, तिन्ही बाजूंना पडव्या, वर पोटमाळा. चौदा खांब, बहुतेक फणसाचे, काही किंजळीचे. छपरावर मंगलोरी कौले. कोकणातल्या मध्यम स्थितीतल्या घराचे हे सर्वसाधारण रूप आहे, त्यात वैभव काही नाही. आमचे आजोबा नोकरीसाठी बाहेर पडले ते मुसाकाजी बंदरातून बोटीने. वडील भोपाळला आले आणि इथलेच झाले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मंगला एक्सप्रेस त्या मार्गाने जाऊ लागली, तेव्हापासून भोपाळला बसावे आणि रत्नागिरीला उतरावे इतके जाणे सुलभ झाले. पण योगायोग असा की, जाणे सोपे झाले त्याच सुमारास गावात राहणारी माणसे कमी होत गेली.

शेवटी तेथे एकट्या काकू राहत होत्या. २०१६ च्या उन्हाळ्यात त्या न्हाणीघरापाशी पडल्या आणि मुलीने त्यांना पुण्यास नेले. घराला कुलूप लागले, आणि त्याच पावसाळ्यात पश्चिमेची पडवी बसली. ज्यांनी कोकणातला पाऊस फक्त चित्रपटात पाहिला आहे त्यांना सांगावयास हवे की, रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. घरात माणूस असेल तर एक कौल सरकले की थेंब अंगावर पडतो, माणूस उठतो, काठीने कौल सारखे करतो. माणूस नसेल तर तोच थेंब वाशावर पडत राहतो. वासा कुजतो, वाशाबरोबर रीप जाते, रिपेबरोबर दहा कौले जातात. मग भिंतीच्या माथ्यावर पाणी उतरते आणि आतली माती वाहू लागते. एका पावसाळ्यात हे सारे होते. आम्ही ते डोळ्यांनी पाहिले.

त्या दिवाळीत पुण्यास काकूंच्या लेकीकडे चारी घरची माणसे जमली. ग्रामपंचायतीच्या घरपत्रकावर चार नावे होती, म्हणजे चार मते होती. ठाण्याच्या आमच्या चुलतबंधूंचे, त्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, स्पष्ट मत पडले की घर विकावे. जागेला गिऱ्हाईक आले होते. दादांना या गोष्टीत कोणी खलपुरुष समजू नये. वीस वर्षे घरपट्टी त्यांनीच भरली होती आणि दर मे महिन्यात छपराची शाकारणी त्यांच्याच पैशाने होत असे. त्यांचा प्रश्न सरळ होता: "उद्या घर उभे केलेत, तरी उघडणार कोण?" या प्रश्नाला तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. काकू सबंध वेळ गप्प होत्या. शेवटी एवढेच म्हणाल्या, "विकायचे तर विका, पण देव हलवायच्या आधी मला सांगा."

अखेर असे ठरले की आम्ही तीन वर्षे प्रयत्न करून पाहावा. २०२० च्या मे अखेर घर राहण्याजोगे झाले नाही तर चौघांनी मुकाट्याने सह्या कराव्यात.

आता इथे श्रोत्यांमध्ये सरकारी नोकरीतली मंडळी पुष्कळ आहेत, त्यांना पुढचा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. वर्षाला अर्जित रजा तीस दिवस. प्रवास-सवलत, म्हणजे आपली एल.टी.सी., चार वर्षांच्या गटात दोनदा स्वग्रामाची. त्यांपैकी एकीच्या बदल्यात भारतात कुठेही जाता येते. आम्ही आजवर दोन्ही वेळा स्वग्रामच घेत आलो होतो. लग्नानंतरच्या सत्तावीस वर्षांत आम्ही पाहिलेला भारत म्हणजे भोपाळ ते रत्नागिरी या मार्गावरची स्थानके. सांची आणि भीमबेटका पाहिले तेही पाहुण्यांना दाखवण्यासाठी. आणि त्याच वर्षी वैद्यांनी सौ.चे गुडघे तपासून सांगितले होते की, काय हिंडायचे असेल ते पुढच्या पाचसात वर्षांत हिंडून घ्या.

म्हणून पुण्याहून परतताना गाडीत सौ.नी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देतो: "घर उभे करा, माझी ना नाही. पण घराच्या नावावर माझे हिंडणे पुढच्या जन्मावर टाकू नका." दोन्ही मागण्या रास्त होत्या आणि दोहोंना मिळून दिवस तीसच होते. इटारसी येईपर्यंत वहीच्या एका पानावर वाटणी झाली: वीस दिवस घराला, दहा दिवस हिंडण्याला, आणि कोणत्याही कारणाने एकाचे दिवस दुसऱ्याने घ्यायचे नाहीत. वाटणी कागदावर छान दिसत होती. ती प्रत्यक्षात कशी उतरली याचे श्रेय आमच्याकडे जात नाही, चुन्याकडे जाते. ते कसे ते आता सांगतो.

प्रथम आम्ही तालुक्याच्या गावच्या एका कंत्राटदारास बोलावले. त्यांनी घराभोवती एक फेरी मारली आणि तोंडी अंदाज दिला: भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर लोखंडी कैच्या आणि रंगीत पत्रे, पंचेचाळीस दिवसांत किल्ली हातात. पंचेचाळीस दिवस हा आकडा कोणाही नोकरदारास भुरळ घालणारा आहे. त्याच संध्याकाळी गावातले सुतार आले. वयाने सत्तरीचे, सारा गाव त्यांना मामा म्हणतो. त्यांनी अंदाज दिला नाही. हातोडीच्या दांड्याने एकेक खांब बुंध्यापासून वरपर्यंत ठोकून पाहिला, कान लावून ऐकला आणि खडूने खुणा केल्या. "ह्यो ऱ्हाऊदे. ह्यो काढायचा. ह्याचा नुसता पाय गेलाय." चौदांपैकी चार खांबांचे पाय वाळवीने खाल्ले होते, दहा शाबूत होते. ज्या घराचे दहा खांब शाबूत आहेत त्याच्यावर पत्रे चढवण्याची कल्पना तेथेच मागे पडली.

सिमेंटबद्दल दोन शब्द बोलणे अवश्य आहे, कारण आपल्यापैकी अनेकांची जुनी घरे नेमकी येथेच बिघडतात. जांभा दगड सच्छिद्र असतो. तो जमिनीतून आणि पावसातून ओल घेतो आणि ऊन पडले की सोडतो. मातीतली भिंत आणि चुन्याचा गिलावा ही देवघेव चालू देतात. सिमेंटचा कडक थर बाहेरून दिला की आत शिरलेली ओल आतच कोंडते, माती भुसभुशीत होते आणि तीनचार पावसाळ्यांनी गिलाव्याचे पापुद्रे ताटाएवढे सुटून पडतात. आमच्याच वाडीतल्या एका घराची दक्षिण भिंत अशी झालेली आम्ही हात लावून पाहिली. सिमेंट वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. जेथे घर पहिल्यापासून त्याचे आहे तेथे ते ठीकच आहे.

चुना मात्र माणसाची परीक्षा पाहतो. भाजलेली कळी आणावी, खड्ड्यात पाण्याखाली विझवावी, काही आठवडे तशीच मुरू द्यावी. पूर्वी किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना मिळे. आम्हांस तो पुरेसा मिळाला नाही, दगडी चुन्यावर भागवावे लागले. मुरलेल्या चुन्यात वाळू मिसळून, हिरड्याचे आणि गुळाचे पाणी घालून तो मळायचा. गिलाव्याचा पहिला हात दिला की थांबायचे, कारण सिमेंट पाण्याने घट्ट होते तर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा हळूहळू दगड होतो, आणि ती हवा त्याला सावकाश लागते. रोज पाणी शिंपडून ओलावा राखायचा आणि वाट पाहायची. दुसरा हात दिला की पुन्हा तेच. २०१७ च्या नोव्हेंबरात पहिला हात झाला तेव्हा आम्ही दोघे ओटीवर बसून भिंतीकडे पाहत होतो. मामा हत्यारे गोळा करीत म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही कुठं जायचं तं जावा. बघत बसलात म्हणून भित लवकर वाळत न्हाय. पाणी माझा नातू मारील."

आमच्या प्रवासाचा उगम हा असा आहे.

त्या पहिल्या आठवड्यात आम्ही लांब गेलो नाही. राजापूरला जाऊन धूतपापेश्वराचे दर्शन घेतले, उन्हाळ्याच्या गरम झऱ्यावर पाय शेकले. तेथली गंगा साधारणतः तीन वर्षांनी येते असे म्हणतात. त्या खेपेस ती नव्हती. तिच्या रजेचा हिशेब आमच्यापेक्षा वेगळा असावा. मग आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचा कनकादित्य. कशेळीच्या सड्यावर आम्हांस जे पाहावयास मिळाले त्याविषयी मात्र थोडे थांबून बोलावेसे वाटते.

गावकऱ्यांनी आम्हांस उघड्या कातळावर नेले आणि म्हणाले, "पायाखाली बघा." पायाखाली हत्ती होता. अठरा मीटरांच्या आसपास लांबीचा, कातळात खोदलेल्या रेषांचा, आणि त्याच्या पोटात मासे आणि इतर प्राणी. इतका मोठा की एका जागी उभे राहून तो दिसत नाही. चालत जाऊनच पुरा करावा लागतो. रत्नागिरीच्या काही हौशी अभ्यासकांनी गावोगाव पायी हिंडून अशा कातळशिल्पांचा शोध चालवला होता. पुढे २०२२ मध्ये अशा नऊ ठिकाणांचा, त्यांत गोव्याचेही एक आहे, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. ही चित्रे किती जुनी यावर अभ्यासकांत अद्याप एकमत नाही. इतिहासपूर्वकाळातली आहेत एवढे धरले जाते.

आपण भोपाळकर. भीमबेटका आपल्या अंगणात. विष्णु श्रीधर वाकणकरांनी भोपाळकडे येताना आगगाडीच्या खिडकीतून ते खडक पाहिले, मनात शंका धरली आणि १९५७ साली तेथे जाऊन चित्रे उजेडात आणली, ही कथा आपण प्रत्येक पाहुण्यास सांगतो. आणि ते मराठी होते हे सांगताना आवाज किंचित चढवतो. त्याच आम्हांला, ज्या गावी तीस वर्षे मे महिना काढला त्याच्यापासून काही कोसांवर असा हत्ती निजला आहे, याची वार्ता नव्हती. आणि तो कोरलेला कातळ म्हणजे आमच्या भिंतीचाच दगड. या दगडाला 'लॅटराइट' हे नाव १८०७ साली फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारातल्या अंगाडीपुरम येथे दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. ओला असताना कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की टणक होतो, म्हणून विटेचे नाव. चिरेखाणीतला कोणताही कामगार ही गोष्ट बुकाननच्या आधीपासून जाणत होता हा भाग वेगळा.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही आयुष्यातली पहिली 'भारतात कुठेही' सवलत घेतली आणि कन्याकुमारीस गेलो. तीन समुद्र पाहिले, विवेकानंद शिला पाहिली. त्यांचे वर्णन आपण सर्वांनी इतके ऐकले आहे की मी ते टाळतो. सौ.ना अधिक रमवले ते पद्मनाभपुरमच्या राजवाड्याने. त्रावणकोरच्या राजांचा हा लाकडी वाडा आज तमिळनाडूच्या हद्दीत आहे, पण त्याची व्यवस्था केरळ सरकार पाहते. तेथली काळीभोर, आरशासारखी जमीन चुना, करवंटीचा कोळसा आणि अंड्याचा पांढरा बलक घालून केली असे तेथील लोक सांगतात. आम्ही त्या जमिनीपेक्षा छपरांकडे अधिक पाहत होतो. पागोळ्या इतक्या खाली आलेल्या की वाकून आत जावे लागते. आत उजेड मंद, हवा गार, आणि पावसाचा एक शिंतोडा भिंतीला लागणार नाही. आमच्या पश्चिमेच्या पडवीचे छप्पर उंच घ्या, उजेड येईल, असा सल्ला आम्हांस सारे नातेवाईक देत होते. पद्मनाभपुरमहून आम्ही मामांना दूरध्वनी केला आणि सांगितले की छप्पर होते तितकेच खाली ठेवा. "मी तेच धरून होतो," ते म्हणाले.

कौलांचे प्रकरण याहून गमतीचे. आम्हांस पश्चिम उतारासाठी सुमारे नऊशे कौले हवी होती. मंगलोरी कौल एकमेकांत खाचेने बसते, आणि प्रत्येक कारखान्याची खाच केसाएवढी निराळी. नवे कौल जुन्याशेजारी बसवले तर फट राहते. दादांची अशी श्रद्धा होती की आमची कौले १८६५ सालची आहेत, कारण त्यांच्या पाठीवर बासेल मिशनचे नाव आणि तो आकडा उमटलेला आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत आतला गिलावा वाळत होता, तेव्हा आम्ही कोकण रेल्वेने मंगळूरला गेलो. नेत्रावतीच्या काठी जर्मन मिशनऱ्यांनी कौलांचा कारखाना काढला ते साल १८६५. पुढे कित्येक वर्षे तोच आकडा प्रत्येक कौलावर छापला जाई. म्हणजे आकडा कारखान्याच्या जन्माचा, कौलाच्या नव्हे. दादांना हे कळवले तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या चिकणमातीवर तेथे एकेकाळी कितीतरी भट्ट्या चालत. आता बहुतेकांची धुराडी तेवढी उभी आहेत. कौले तेथे मिळाली नाहीत. मिळाली ती आमच्याच तालुक्यात, एका पाडलेल्या घराच्या मागे रचून ठेवलेली, त्याच खाचेची. ज्यांचे घर पाडले ते गृहस्थ कौले मोजून देताना घरातच उभे राहिले, बाहेर आले नाहीत. त्या व्यवहारात घासाघीस करणे आम्हांस जमले नाही.

खांबांचे काम मामांनी असे केले की, कुजलेला पाय कापून तेथे किंजळीचा नवा तुकडा सांध्याने जोडला, आणि जुने तळखडे काढून वीतभर उंचीचे नवे बसवले, म्हणजे वाळवी चढू लागली तर दगडावर तिची माती दिसावी. साऱ्या लाकडाला काजूच्या टरफलांतून निघणारे डिंबेल दिले. त्याचा वास महिनाभर जात नाही आणि हाताला लागले तर कातडे निघते; पण वाळवीला त्याहून अधिक उग्र औषध त्या गावी कोणाला ठाऊक नाही. खर्चाचे आकडे मी व्यासपीठावरून सांगत नाही. वही बरोबर आणली आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी चहाच्या वेळी पाहावी.

२०२० च्या मार्चमध्ये पश्चिमेचा उतार उघडा होता. जुने वासे काढले होते, नवे तासून पडवीत रचले होते, एप्रिलच्या दहा तारखेची तिकिटे हातात होती. २५ मार्चपासून देश बंद झाला. मुदत मे अखेरची. भोपाळमध्ये खिडकीशी बसून आम्ही पावसाचे दिवस मोजत होतो, आणि बाहेर जे चालले होते त्यापुढे एका छपराची चिंता करण्याचीही लाज वाटत होती. मेच्या शेवटच्या आठवड्यात शेजाऱ्यांचा दूरध्वनी आला की मामा, त्यांचा नातू आणि वाडीतली चार माणसे यांनी मिळून नवे वासे चढवले आहेत, त्यांवर ताडपत्री आणि नारळाची झापे बांधली आहेत, पाऊस आत येणार नाही. आम्ही पैसे कसे पाठवू विचारले, तर उत्तर आले की ते मागाहून बघू. मुदतीचा विषय त्या साली कोणी काढला नाही. दादांनीही नाही.

त्या पावसाळ्यानंतर कौले चढली. आणि १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्यालगत उत्तरेकडे गेले. नव्या उताराची दीडदोनशे कौले उडाली, मागचा रायवळ आंबा मांगरावर आडवा झाला. दादांनी छायाचित्रे पाहून दूरध्वनी केला, "अजून वेळ गेलेली नाही, पत्रे घालून टाकू." आमच्या मनाची तयारी तेव्हा जवळजवळ त्यांच्याच बाजूने झाली होती, हे कबूल करतो. निर्णय दिला तो पुण्याहून काकूंनी. त्या म्हणाल्या, "पत्र्याखाली पाऊस ऐकवत नाही. बोलणे बंद पडते." ज्या बाईने त्या घरात साठ पावसाळे काढले तिचे मत आम्ही चौघांनी शिरसावंद्य मानले. कौले पुन्हा चढली. या खेपेस पागोळीकडच्या दोन ओळी तांब्याच्या तारेने रिपांना बांधल्या.

डिसेंबर २०२१ मध्ये सेवानिवृत्ती आली आणि वहीतल्या तीस दिवसांचा हिशेब संपला. २०२२ च्या वैशाखात आम्ही कुलू खोऱ्यात गेलो. तेथे काठकुणी नावाची बांधणी आहे. देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे आडवे थर एकावर एक, मध्ये चुना नाही, माती नाही. नग्गरचा गढीवजा वाडा असाच बांधलेला आहे आणि १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपातून तो टिकला. सौ. काठी टेकीत त्याच्या पायऱ्या चढल्या. वैद्यांनी दिलेल्या पाचसात वर्षांतले ते सहावे होते. वरच्या सज्जातून बियास दिसत होती, आणि आम्ही दोघे मात्र तुळईचा सांधा कोपऱ्यात कसा वळवला आहे ते वाकून पाहत होतो. मागून येणाऱ्या एका पर्यटकाने आम्हांस काही हरवले आहे का असे विचारले.

प्रत्येक जुने घर वाचवावे असे मात्र आमचे मत नाही. ज्या घराचे खांब गेले आहेत, ज्याच्या वाटेकऱ्यांचे एकमेकांशी बोलणे नाही आणि ज्याच्या शेजारी ताडपत्री बांधणारा कोणी उरलेला नाही, ते सन्मानाने उतरवावे आणि त्याची कौले, तुळया कोणाच्या तरी उपयोगी पडतील अशा रीतीने द्यावीत. आमच्या छपराचा पश्चिम उतार अशाच एका घराने दिला आहे.

२०२३ च्या शिमग्यात घर उघडले. देव हललेच नव्हते. शेजारीण सात वर्षे रोज दिवा लावीत होती. पालखी खळ्यात आली, चारी घरची माणसे आली, दादा दोन दिवस आधी येऊन कौलांच्या ओळी मोजत होते. काकूंना गाडीतून उतरवून ओटीवर बसवले. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, खांबांचे नवे पाय पाहिले आणि मामांना विचारले, "उंबरठा दोन बोटे उंच का केला?" मामा म्हणाले, "वहिनी, उंबरठा हाय तिथंच हाय. मी हात नाय लावला." काकू चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्या थोडा वेळ उंबरठ्याकडे पाहत राहिल्या आणि मग हसल्या. त्यानंतर त्या दीड महिना तेथे राहिल्या. मुलीने सोबत केली.

"घर उघडणार कोण?" या दादांच्या प्रश्नाचे उत्तर असे निघाले की चौघांनी वर्षाचे महिने वाटून घेतले आहेत. शिमगा दादांचा, मे महिना पुण्याचा, गणपती सर्वांचे, दिवाळीनंतरचे दोन महिने आमचे. पावसाळ्यात मामांचा नातू दर आठ दिवसांनी आत फिरून वर पाहतो आणि त्याचे त्याला मानधन मिळते. मामा आता छपरावर चढत नाहीत, खालून सांगतात.

या वर्षी आम्ही कार्तिकात तंजावरला जाणार आहोत, तेव्हा आमच्या वाट्याचा निम्मा काळ घर रिकामे आहे. मंडळातील ज्या कुटुंबांस जायचे असेल त्यांनी अवश्य जावे. किल्ली शेजारच्या घरी असते, आमचे नाव सांगितले की पुरे. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड या किनाऱ्याच्या रस्त्याने यावे, महामार्गाने नको. अंथरुणे आहेत, चादरी आपल्या आणाव्यात. विहिरीचे पाणी गोड आहे. कशेळीचा हत्ती सकाळी नऊच्या आत किंवा उन्हे कलल्यावर पाहावा, तिरप्या उजेडातच रेषा नीट दिसतात. आणि दक्षिण पडवीच्या बाहेरच्या भिंतीला कृपया टेकू नये. तिला चुन्याचा नवा हात परवाच दिला आहे.